बोटीची खंडेनवमी

मूर्खपणा आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं बोलायला मी मोकळी. एका खंडेनवमीला मी नवऱ्याचा रेडिओचा डबा धुतला. ओल्या फडक्यानं पुसला असता तर गोष्ट वेगळी होती. मी तो परातीत ठेवला, वरून तांब्यानं पाणी ओतलं आणि खळखळून धुतला. त्याची अँटेना चिंचेनं घासून लखलखीत केली. मग पाटावर मांडून हळद-कुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली आणि नारळ फोडल्यावर त्यातलं पाणीही त्याच्याच डोक्यावर शिंपडलं. दोन लेकी उजवलेली बाई होते मी तेव्हा. गावात मला शहाणी म्हणायचे, आणि मीही ते खरं धरून चालले होते.

हा डबा गाणी ऐकायचा नव्हे. त्याच्यावर दोन छोट्या दांड्या होत्या. एक पुढं सारली की पाण्यातल्या बोटीचा पंखा फिरायचा, दुसरी डावी-उजवीकडं केली की बोटीचं सुकाणू वळायचं. मधे तार नाही, दोरी नाही. माणूस काठावर आणि बोट पाण्यात. बोट माझ्या हाताएवढी, खांद्यापासून बोटांपर्यंत मोजली तर तेवढी लांब, आणि ती नवऱ्यानं घरीच केलेली.

पिंपळवंडीत आमचं दुकान होतं, विहिरींवरच्या जळालेल्या मोटारी भरून द्यायचं. तांब्याची तार, वार्निश, करपलेला वास, असा सगळा संसार. अशा माणसाला बोटीचा नाद कुठून लागला, ते सांगायचं तर धरणापासून सुरुवात करावी लागते.

माझं सासरचं मूळ गाव आंबेगाव तालुक्यात, डिंभ्याच्या धरणाच्या पोटात गेलं. पाणी चढायला लागलं तेव्हा लोकांनी आपापली घरं आपल्याच हातानं उकलली. कौलं उतरवली, वासे काढले, तुळया ट्रॅक्टरवर लादल्या. आमच्या घराचं सगळं निघालं, फक्त दाराची चौकट भिंतीत घट्ट बसली होती ती निघेना. पाणी अंगणात आलं तसे सगळे तिथून निघाले. वर माळावर आल्यावर माझी सासू नुसती एवढंच म्हणाली, "चौकट राह्यली गं माझी." नवऱ्याचा धाकटा भाऊ तिथंच उभा होता, लग्नाचा पोरगा. तो टायरच्या ट्यूबांवर फळी बांधून चौकट आणायला गेला. चौकट आली नाही आणि तोही आला नाही. दुसऱ्या दिवशी सापडला तो तसा.

त्याच्या दहाव्याला सासूनं माझ्या नवऱ्याचा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून घेतला आणि म्हणाली, "ह्या पाण्यात पाय घालशील तर माझं मेलेलं तोंड बघशील." नवऱ्यानं मान हलवली. पण त्यानंतर दर दिवाळीला म्हातारीचं एकच चालायचं. घरभर पणत्या लागल्या की एक हातात धरून बसायची. म्हणायची, "सगळीकडं दिवं लागलं. त्येच्या उंबऱ्यावर कोण लावणार?" चौकट पाण्याखाली होती, उंबरा पाण्याखाली होता, आणि तिच्या लेखी तिचा पोरगाही अजून तिथंच उंबऱ्यावर बसलेला होता. "मी बोलले आणि पोरगा गेला," असं म्हातारी कधी तोंडानं म्हणाली नाही. पण त्या घटनेनंतर तिनं आम्हाला कुठलीही वस्तू आणायला म्हणून सांगितलं नाही. मीठ संपलं तर अळणी खायची.

उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की जुन्या देवळाचं शिखर वर येतं. आमचं घर खालच्या आळीला, ते कुठल्याच उन्हाळ्यात वर आलं नाही. होडीवाल्याला सांगून दिवा सोडावा, तर म्हातारीला ते पटेना. परक्या माणसानं सोडलेला दिवा कशाला? घरच्यानंच न्यायला हवा, आणि घरच्यानं तर पाण्यात पाय घालायचा नाही. ह्या दोन्हीच्या मधून वाट काढायची म्हणून नवऱ्यानं बोट करायला घेतली.

आता हे मी किती समजूतदारपणे सांगतेय. त्या वेळी मला यातलं काडीचंही पटलेलं नव्हतं.

पहिल्या बोटीसाठी त्यानं पुण्याच्या जुन्या बाजारातून रिमोटवर चालणारी खेळण्यातली गाडी आणली आणि दुसऱ्याच दिवशी तिचं पोट फाडलं. आतलं सगळं काढून थर्माकोलच्या बोटीत बसवलं आणि आमच्या विहिरीत सोडलं. बोट दोन वेळा गोल फिरली, मोटारीच्या पाइपामागं जाऊन अडकली आणि तिथंच गुरगुरत बसली. शेवटी बादली सोडून काढली. शेजारचा मळेवाला विहिरीच्या काठावर उभा राहून बघत होता. तो म्हणाला, "राव, मासं घावलं तर आमालाबी अर्धा किलो द्या." मी पदर तोंडात कोंबून हसले. नवरा नाही हसला. बोट पुसत म्हणाला, "रिमोट लांब पोचत न्हाई. तेवढंच एक राह्यलंय."

हे "एवढंच एक राह्यलंय" पुढं कित्येक वर्षं आमच्या घरात पाहुण्यासारखं येऊन राहिलं. खेळण्यातला रिमोट अंगणाच्या टोकापर्यंत ऐकायचा. मग पुण्यात छोटी विमानं उडवणारे कोणी गृहस्थ भेटले, त्यांच्याकडून खरा रेडिओचा डबा आला, जुना वापरलेला. डबा आला तर मोटार कमजोर. नवी मोटार आली तर ती सेल खाऊन टाकायची. मग चार्जिंगचे सेल आले, सेल आले म्हणून चार्जर आला, चार्जर आला आणि बोट जड झाली. जड झाली म्हणून पातळ प्लाय आणला, तर त्यातून पाणी झिरपायला लागलं. झिरपू नये म्हणून फायबरचं कापड आणि ते चिकटवायचा रस आला. त्या रसाच्या वासानं मला तीन दिवस भाकरी गोड लागली नाही. एक वस्तू घरात येताना पोटात दुसरी घेऊनच यायची.

आणि हे सगळं कुठून? माझ्या दोन जर्सी गाया होत्या. डेअरीचा पगार दर दहा दिवसांनी यायचा, त्यातलं थोडं मी ज्वारीच्या कणगीत पुरून ठेवायचे. मला रंगीत टीव्ही घ्यायचा होता. गल्लीत सगळ्यांच्या मालिकांतल्या सुना हिरव्या-जांभळ्या साड्या नेसून रडायच्या आणि माझ्या टीव्हीत त्या नुसत्या काळ्या-पांढऱ्या रडायच्या. माझं एवढंच दुःख होतं तेव्हा. आणि नवरा कणगीपाशी येऊन उभा राहायचा, खाली बघायचा, आणि म्हणायचा, "एवढंच एक..."

"तुमच्या बोटीत बसून माझा टीव्ही बुडाला," मी म्हणायचे. पण द्यायचे. देताना दहा बोल लावायचे आणि मग द्यायचे, म्हणजे दिल्याचं पुण्यही नको मिळायला.

सासूला तर मी तोंडावर सांगितलं, "आत्याबाई, हे तुमचं नाव पुढं करून खेळतायत. लहानपणी खेळायला मिळालं न्हाई, ते आता फेडून घेतायत. दिवा-बिवा काय जायचा न्हाई तिथं."

म्हातारी शेंगा फोडत होती. ती म्हणाली, "तोंडाला काय धरबंध?"

"मी खरं ते बोलते."

"खरं बोलतीस गं. पर चावून बोलतीस."

मला त्याचाही अभिमान वाटला. तोंडावर खरं बोलणारी बाई म्हणून मी स्वतःवर इतकी खूश होते की कुणाला काय लागतंय ते बघायला मला सवडच नव्हती.

अशी वर्षं गेली. लेकी सासरी गेल्या. सासूच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, आणि काढून घ्या म्हटलं तर ती म्हणायची, बघायचं ते बघून झालंय. मग दम लागायला लागला. नारायणगावच्या डॉक्टरांनी नवऱ्याला बाजूला घेऊन सांगितलं की म्हातारीचं हृदय थकलंय, आता उपचारांसाठी फार धावपळ करू नका. तोवर दोन हजार साल उलटून गेलं होतं आणि बोट एकदाची नवऱ्याच्या मनासारखी झाली होती.

भाद्रपदात धरण भरलं तेव्हा तो तिला पाण्यावर बघायला निघाला. बोट धरायला कोणीतरी हवं म्हणून मला घेतलं. घोडेगावपर्यंत एसटी, पुढं जीप. सगळ्या एसटीभर ती बोट माझ्या मांडीवर, कापडात गुंडाळलेली. एका बाईनं विचारलं, "बाळंतीण लेकीचं का?" मी म्हटलं, "न्हाई, सवतीचं." तीही हसली आणि नवराही, बऱ्याच दिवसांनी.

काठावर गेल्यावर मात्र तो जागा शोधायला लागला. तो थोडा डावीकडं सरकला, मग उजवीकडं, मग एका खडकावर थांबला. समोरच्या डोंगराची खिंड आणि त्याच्या अलीकडचं उंबराचं झाड एका रेषेत आलं की घराची दिशा मिळायची. लहानपणापासून दारात उभं राहून त्यानं ते तसंच पाहिलं होतं. बोट पाण्यात सोडली. ती सरळ गेली. माणसानं हाक मारली तर ऐकू येईल, पण दगड मारला तर पोचणार नाही, एवढ्या अंतरावर त्यानं ती थांबवली.

"आता दारात हाय आपण," तो म्हणाला.

मी पाहिलं तर नुसतं पाणी. मग माझं लक्ष खाली गेलं. त्यानं चपला काढून ठेवल्या होत्या. बोट तिकडं थांबवताना कधीतरी, नकळत, इकडं पायातल्या काढल्या होत्या. दोन्ही चपला शेजारी शेजारी, घरात शिरताना ठेवतात तशा.

त्याच दारातून मी माप ओलांडून आत आले होते. इतक्या वर्षांत मला ते एकदाही आठवलं नव्हतं. घरी येईपर्यंत नवऱ्यानं दोनदा विचारलं, डोकं दुखतंय का.

आणि म्हणून त्या खंडेनवमीला मला पुळका आला. आमच्याकडं त्या दिवशी पोट भरणारी सगळी हत्यारं धुऊन पूजेला मांडतात. दुकानातलं तार गुंडाळायचं मशीन, पक्कड, पाने, माझा विळा, खुरपं. बोटीला मी कधी पाटावर जागा दिली नव्हती. "हे पोट भरत न्हाई, हे खातं," असं म्हणून ती कोनाड्यात ठेवायला लावायचे. त्या साली मी ठरवलं, पहिला मान तिचा. नवरा दुकान झाडायला गेला होता. मी बोट धुतली, तिचा पितळी पंखा चिंचेनं घासला. बोट पाण्याचीच वस्तू, तिला काही झालं नाही. आणि तिच्याबरोबर तो डबाही धुतला. हत्यार धुतल्याशिवाय पुजायचं कसं?

नवरा आला, पाटासमोर हात जोडले, आणि तसाच थांबला.

"डबा धुतला का?"

"मग? बघा कसा लख्ख झालाय."

त्यानं डबा उचलला आणि तिरपा केला. फटीतून पाण्याची धार लागली, कुंकवानं लाल झालेली. मला वाटलं आता शिवी येणार. त्यानं फक्त झेंडूची माळ काढली, नीट पाटावर ठेवली, आणि डबा घेऊन दुकानात गेला. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. शिवीला मला उत्तर देता आलं असतं.

भरलेल्या मोटारीचं वार्निश वाळवायला दुकानात पत्र्याची एक पेटी होती, आत मोठा बल्ब. त्यात त्यानं डबा उघडून ठेवला. चार दिवसांनी तो चालू झाला. विहिरीवर चालला, पण शेताच्या ह्या बांधावरून त्या बांधाला न्यायचं म्हटलं की मधेच ऐकेनासा व्हायचा. बोट आपली शेवटचं सांगितलेलं तेच करत राहायची. पुण्याला फोन केला. नवा डबा मागवावा लागेल, दिवाळीनंतर येईल, असं कळलं. मी कणगीत हात घालून टीव्हीच्या पैशांचं सगळं पुडकं काढलं आणि त्याच्यापुढं ठेवलं. म्हटलं, "एवढंच एक राह्यलंय ना, घ्या."

"पैशाचं न्हाई गं," तो म्हणाला. "दिवाळीचं हाय."

पुढच्या दिवाळीला जाऊ, असं मी सासूला सांगून पाहिलं. ती पांघरुणातून म्हणाली, "पुढच्या दिवाळीचं मला सांगू नका." डबा धुतल्याचं तिला कुणी सांगितलं नव्हतं. 

तेव्हा आम्ही गेलो. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी जीप ठरवली, म्हातारीला घोंगडीत गुंडाळून नेलं आणि काठावर पोत्यावर बसवलं. दिवेलागणीची वेळ. वाऱ्यानं विझू नये म्हणून पणतीभोवती कंदिलाची काच बसवली होती. वात तिनं स्वतः लावली. तीन काड्या गेल्या, पण दुसऱ्या कुणाला लावू दिली नाही. मग बोटीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "जा."

बोट निघाली. नवरा खडकावर उभा, चपला काढलेल्या. खिंड आणि उंबर एका रेषेत. दिवा सरळ चालला होता आणि मी मनातल्या मनात त्या डब्याच्या पाया पडत होते. आता थोडंच राहिलं असेल, तोच दिवा उजवीकडं वळायला लागला. नवऱ्यानं दांडी डावीकडं ओढली. दिवा वळतच राहिला. त्यानं डबा डोक्यावर धरला, इकडं पळाला, तिकडं पळाला, अँटेना हातानं धरली. बोट कुणाचंच ऐकेना. तिनं मोठं वळण घेतलं आणि पार त्या अंगाला, डोंगराच्या सावलीकडं निघाली. आमचं घर मागं राहिलं. इतक्या वर्षांचं एवढंच-एवढंच, सगळं त्या दिव्याखाली बसून चाललं होतं.

आणि नवरा पाण्यात शिरला. दोन पावलं, पोटऱ्या बुडाल्या.

"माघारी फीर," मागून आवाज आला. म्हातारी ओरडली नाही, रोजच्या आवाजात बोलली. तो थांबला, आणि बाहेर आला. मला वाटलं, हिनं पाण्याचा आवाज ऐकला. मोतीबिंदू झालेली बाई दुसरं काय करणार?

मग तिनं तोंड माझ्याकडं वळवलं. "पोचला का गं?"

नवरा माझ्याकडं बघत होता. त्याच्या धोतराचं पाणी खडकावर टपकत होतं.

"पोचला, आत्याबाई," मी म्हणाले. "उंबऱ्यावरच लागला. हलत पण न्हाई."

"बरं झालं," ती म्हणाली, आणि दिवा दिसेनासा होईपर्यंत तशीच बसून राहिली.

परत येताना मी पुढं ड्रायव्हरशेजारी बसले. मागं मायलेक हळू काहीतरी बोलत होते. जीपच्या आवाजात मला ऐकू आलं नाही, आणि मागं वळून बघायचा मला धीर झाला नाही.

मार्गशीर्षात एका दुपारी जेवून झोपली ती उठली नाही. नवा डबा तिच्या तेराव्यानंतर आला. नवऱ्यानं तो उघडला नाही. आजही कपाटावर खोक्यातच आहे. नातवंडं मागतात, मी देत नाही. सांगते, त्याला पाणी चालत नाही.

ते सुतकाचे दिवस माझ्या अजून डोळ्यांपुढं आहेत. नवरा ओट्यावर पाय पसरून बसायचा आणि स्वतःच्या पायांकडं बघायचा. म्हातारीच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेल्या शपथेचा विषय त्यानं एकदाही काढला नाही, मीही नाही. पण दोघांनाही ठाऊक होतं की त्यानं पाण्यात पाय घातला, आणि त्यानंतर दीड-दोन महिन्यांत तिचं तोंड तसं बघावं लागलं. आणि त्याला पाय घालायला लावला तो माझ्या तांब्याभर पाण्यानं. शेवटी मला राहवलं नाही. त्याच्या पायापाशी बसले आणि म्हटलं, "अहो, बोला काहीतरी. डबा मी धुतला. पाण्यात तुमी माझ्यामुळं गेलात. आणि वर मरत्या माणसाशी मी खोटं बोलले. ते कुठं फेडू?"

त्यानं पाय जवळ घेतले आणि म्हणाला:

"तिला समदं दिसत व्हतं गं. अंधुक दिसायचं, पर दिवा दिसायचा. जीपमधी मला म्हणली, 'तुझं पाय वलं झालं ते म्या बघितलं न्हाई. दिवा कुठं गेला तेबी बघितलं न्हाई. ती पोचला म्हणतीया न्हवं, मग पोचला. जलमभर माझ्या तोंडावर खरं बोलत आली ती. आज पहिल्यांदा माझ्यासाठी खोटं बोललीया, ते वाया कशाला घालवू?'"